दुसरा फोन

शनिवारी सकाळी मी गराजमध्ये मुलाचे सॉकरचे बूट शोधत होते, तेव्हा श्रीधरकाकांच्या मुलीचा, अनघाचा मेसेज आला. इंग्रजीत, दोन ओळींचा. बाबा चहा घेऊन परत आडवे झाले आणि झोपेतच गेले. वेस्ट विंडसरमधलं श्रीधरकाकांचं घर आमच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की त्यांचं दार. पायात असतील त्या चपलांनिशी धावत जायचं, की नाही? पण मी काय केलं, तर निर्मलाकाकूंना फोन लावला. ज्या बाईचा नवरा नुकताच गेला होता तिला मी विचारलं, "काकू, अनघाचा मेसेज आलाय... खरं आहे का?" आज पाच आठवडे झाले, तरी ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. काकू मात्र रागावल्या नाहीत. सगळा जन्म अशाच माणसाशी संसार केलेला. "खरं आहे गं," म्हणाल्या, "ये."

ही खोड मला काकांनीच लावली. श्रीधर देशकर मूळचे नागपूरचे. इथून जवळच पिस्कॅटवेच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला आले, आणि बरोबरची मंडळी टेलिफोन नाहीतर वीज कंपन्यांत चिकटली तेव्हा हे न्यूयॉर्कच्या एका रेडिओ स्टेशनात गेले. तिथे गाणी नाहीत, नाटकं नाहीत. दिवसाचे चोवीस तास नुसत्या बातम्या. आधी यंत्रं सांभाळायला घेतलं होतं, पण बातमीच्या कागदावरच्या चुका काढायची यांना भारी हौस. शेवटी तिथल्या साहेबानं वैतागून सांगितलं की एवढं कळतंय तर तूच लिही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत काका बातम्या लिहीत राहिले. वाचणारे दुसरे. काकांचा नागपुरी वळणाचा इंग्रजी आवाज त्या स्टेशनवरून एकदाही ऐकू गेला नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलेलं मी पाहिलं नाही. "आवाज त्याचा, वाक्य माझं," म्हणायचे.

स्टेशनचा इतिहास ते घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसा सांगत. पूर्वी तिथेही गाणीच लागत. एका सकाळी मालकांनी गाणी बंद केली आणि बातम्या सुरू केल्या, तेव्हा अख्खं शहर हसलं. दिवसभर बातम्या कोण ऐकणार? यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं: कोणीच नाही. माणूस गाडीत बसतो, दहा-पंधरा मिनिटं ऐकतो, उतरतो. त्याच्या जागी दुसरा बसतो. म्हणून भिंतीवर तासाचं मोठं गोल चित्र लावलेलं असे, भाकरीचे तुकडे करावेत तसे त्याचे रंगीत भाग पाडलेले. तासाच्या सुरुवातीला ठळक बातम्या, दर दहा मिनिटांनी रस्त्यांची आणि हवेची हालत, मधे शेअरबाजार, मग खेळ, आणि फिरून पहिल्यापासून. बर्फ पडलं की कुठल्या शाळा बंद त्याची लांबलचक यादी. आणि या सगळ्यामागे बातम्या छापणाऱ्या जुन्या यंत्रांची टकटक. ती यंत्रं भंगारात जायच्या आदल्या दिवशी काकांनीच त्यांचा आवाज टेपवर घेऊन ठेवला होता, आणि पुढे कित्येक वर्षं तीच टेप वाजत राहिली.

त्यांनी लिहायचं ते सगळं नुकत्याच गाडीत बसलेल्या माणसासाठी. "जो आत्ता आला, त्याला पहिल्यापासून सांगायचं. तू उशीर केलास असं त्याला वाटता कामा नये." हा नियम त्यांनी घरातही चालवला आणि सगळ्यांना हैराण केलं. जेवायला कोणी उशिरा आलं की काका घास बाजूला ठेवून आतापर्यंतचं सगळं बोलणं थोडक्यात सांगत. कोण काय म्हणालं, काकू कशावरून चिडल्या, वरण कसं झालंय. अनघा लहानपणी ओरडायची, "बाबा, आय वॉज सिटिंग राइट हिअर." आमच्या पहिल्या हिवाळ्यात शाळा बंद आहे का विचारायला मी त्यांच्याकडे गेले, तर फ्रिजवरचा छोटा रेडिओ दाखवून म्हणाले, थांब, आठ मिनिटांत सांगतील. मी म्हटलं, काका, ॲपवर दिसतं हो. ते म्हणाले, मग विचारायला कशाला आलीस? मला तेव्हा राग आला होता. पण मी थांबले, आणि बरोबर आठ मिनिटांनी आमच्या शाळेचं नाव आलं.

दुसरा नियम होता दुसऱ्या फोनचा. काका नवीन असताना कोणाच्या तरी एका फोनवर विसंबून स्टेशननं शहरातल्या एका बड्या माणसाच्या निधनाची बातमी देऊन टाकली. त्याच्या बायकोनं ती स्वयंपाकघरात ऐकली, आणि तो समोर बसून टोस्ट खात होता. त्यानंतर साहेबानं दंडकच घातला: कोणी गेल्याची बातमी आली की आणखी एका माणसाला विचारायचं, तोवर एक अक्षर लिहायचं नाही. काकांनी त्याचं मराठी केलं होतं. एक फोन म्हणजे कंडी, दोन फोन म्हणजे बातमी.

या नियमानंच त्यांच्या घराचे दोन तुकडे केले. अनघा तेव्हा शाळेत होती. काका सकाळी डेस्कवर दहाच्या बातम्या लिहीत बसलेले, नागपुरात संध्याकाळ. फोन आला थोरल्या भावाच्या मुलाचा, प्रसादचा. तो हॉस्पिटलातून धावत एसटीडी बूथवर गेला होता. "काका, बाबा गेले." आणि काकांनी विचारलं, "कोणी सांगितलं? डॉक्टरांचं नाव काय? आणखी कोण आहे तिथे?" प्रसाद काहीतरी बोलला, त्याला धड बोलता येत नव्हतं. काकांनी फोन ठेवला आणि त्याच गल्लीतल्या एका ओळखीच्या माणसाला लावला. त्यानंही तेच सांगितलं, तेव्हा कुठे काका खुर्चीतून उठले.

काकांनी काय काय विचारलं ते पोरानं घरी जाऊन आईला सांगितलं. कुमुदवहिनींना ते कधीच विसरता आलं नाही. सख्खा भाऊ गेला आणि हा पुरावा मागतो, माझ्या मुलाला खोटं पाडतो. काका तेराव्याला गेले तर वहिनी त्यांच्यासमोर आल्या नाहीत. मग दर दिवाळीला काकांचा फोन, दर वेळी प्रसाद दोन वाक्यं बोलणार, आणि मागून वहिनींचा आवाज येत असूनही वहिनी घरात नसणार. काकू सांगत, फोन ठेवल्यावर हे बराच वेळ रेडिओचं बटण उगाच पुसत बसतात.

मीही एकदा त्यात पडले. आमच्याकडचं लग्न नागपूरला होतं, म्हणून काकांनी माझ्याजवळ वहिनींसाठी पार्सल दिलं. आत त्यांच्या फ्रिजवर होता तसाच रेडिओ. वहिनींनी माझं चांगलं केलं, चहा दिला, पोहे दिले, कोथिंबिरीची सांभार वडीही बांधून दिली. पार्सल उघडलं नाही. निघताना म्हणाल्या, "त्यांना सांगा, पोचलं म्हणून. आणि तुमच्यावर विश्वास बसला नाही तर प्रसादलाही विचारा म्हणावं." प्रसाद मला रिक्षापर्यंत सोडायला आला. आता तोही पन्नाशीचा, केस पिकलेले. जाता जाता माझा नंबर घेतला. परत आल्यावर वहिनींचं वाक्य मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. लपवायला हवं होतं असं माझा नवरा म्हणाला, पण काकांना बातमी गाळून दिलेली चालत नसे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

मग ते स्टेशनच बंद पडलं. फोनवर सगळं मिळतं म्हटल्यावर रेडिओ कोण लावणार? शेवटच्या तासाला मी आणि काकू त्यांच्याजवळ बसलो होतो, न जाणो, म्हातारा माणूस, रडेल-बिडेल. निवेदक जुन्या आठवणी सांगत होते, काका घड्याळ बघत होते. शेवटी निरोपाचा शब्द आला, जाहिरात लागली, आणि रेडिओवर त्याच जागी खेळांचं नवं स्टेशन सुरू होऊन दोन माणसं बेसबॉलवरून भांडायला लागली. काका भडकले. "शेवटच्या दहा मिनिटांत ट्रॅफिक दिलंच नाही यांनी. पुलावर अडकलेल्या माणसानं काय करायचं?"

त्यानंतर त्यांची प्रकृती उतरतच गेली. जायच्या दोन आठवडे आधी मी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन गेले होते. स्वयंपाकघरात खिडकीशी बसले होते. काकू वर होत्या. अचानक म्हणाले, "मेधा, प्रसाद खोटं बोलेल असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं." मी म्हटलं, काका, तुमची ती सवयच होती, त्यात काय एवढं. त्यांनी मान हलवली. "सवय सवय सगळे म्हणतात. मीही तेच म्हणत आलो. पण पहिल्याच शब्दाला मला कळलं होतं गं, खरं आहे म्हणून. नुसतं... दुसरा फोन लागेपर्यंत..." आणि तिथेच थांबले. आयुष्यभर जो माणूस एकही वाक्य अर्धं सोडत नसे, त्यानं हे सोडलं. मी म्हटलं, हे प्रसादला सांगा ना, मी लावून देऊ का फोन? ते म्हणाले, लावू, रविवारी लावू. तो रविवार काही उजाडला नाही. आधी खोकला, मग हॉस्पिटल, मग घरी आणणं आणि अल्फारेटाच्या तिच्या घरून विमानानं अनघाचं येणं. मी तेव्हाच फोन हातात द्यायला हवा होता. नाही दिला. ही माझी चूक.

त्या शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा टाकत होते, आणि माझा फोन वाजला. नागपूरचा नंबर. प्रसाद. अनघानं त्याला कळवलं होतं.

"ताई, अनघाचा फोन आला होता," तो म्हणाला. "तुम्ही... तुम्ही स्वतः पाहिलं का काकांना?"

मी म्हटलं, हो. आत्ताच त्यांच्याजवळून उठून आले.

तो म्हणाला, "अनघा खोटं थोडीच सांगेल. मला माहीत होतं. पण तुमचा नंबर शोधण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली, ताई. तेवढा वेळ ते होते ना."

मी गॅस बंद केला आणि काकांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य त्याला सांगितलं. फ्रिजशी टेकून रडत रडत सांगितलं. तो मोठ्यानं रडला. मग मागे कोणाशी तरी बोलल्याचं ऐकू आलं, बराच वेळ, आणि शेवटी म्हणाला, "आई विचारते आहे, निर्मलाकाकू बोलतील का?"

मी फोन काकूंच्या हातात दिला. पलीकडून वहिनी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. काकूंनी डोळे पुसले, खुर्ची ओढून बसल्या, आणि सांगायला लागल्या. आजचं नाही, पार पहिल्यापासून. थोरल्या भावाची बातमी घेऊन काका डेस्कवरून घरी आले तो दिवस, तेव्हा जेवले नाहीत ते, दर दिवाळीचे फोन, स्टेशन बंद झालं ते, हॉस्पिटल, सकाळचा चहा, दोन घोट घेतलेला. एकदाही म्हणाल्या नाहीत की वहिनी, तुम्ही फार उशीर केलात.

फ्रिजवर रेडिओ चालू होता. कोणीतरी बेसबॉलवरून तावातावानं भांडत होतं. मी बंद करायला हात वर नेला, तर काकूंनी बोलता बोलताच मान हलवून नको म्हटलं. तो अजून तसाच लागतो, रोज सकाळी सहाला. काकूंना त्यातलं एक अक्षर कळत नाही. परवा मी गेले तेव्हा त्या रेडिओखाली बसून मेथी निवडत नागपूरशी बोलत होत्या. मला पाहून त्यांनी फोनवर हात ठेवला आणि आतापर्यंत वहिनी काय काय म्हणाल्या ते मला पहिल्यापासून सांगितलं.