हात वर केला की थांबणारा आप्पा

आमच्या वर्गातला आप्पा दातांच्या डॉक्टरला भारी घाबरायचा. यात एरवी नवल नाही, पण आप्पा स्वतःच दातांचा डॉक्टर व्हायला आला होता. "मेडिकलचा नंबर हुकला. वडील म्हनले, डॉक्टर तर डॉक्टर, दातांचा का हुईना," असं कारण तो सांगायचा. निमोण्याचा हा थोराड पोरगा पहिल्या दिवसापासून घरातल्या वडीलधाऱ्यासारखा दिसायचा, म्हणून सगळ्यांचा आप्पा.

ही नव्वदीतली गोष्ट. भुलीचं इंजेक्शन आम्ही आधी एकमेकांना देऊन शिकायचो आणि आप्पा माझ्या वाट्याला आला. मी सिरिंज घेतली आणि सरांकडून ऐकलेलं वाक्य म्हटलं, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल." सुई टोचताच आप्पा असा ओरडला की बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. मग गाल धरून तो मला म्हणाला, "ही मुंगी एकदा मला दाव. आमच्या निमोण्यात तर असली न्हाई."

त्या दिवसापासून त्यानं मुंगी बंद केली. पेशंटला तो सरळ सांगायचा, "थोडं दुखंल. सोसंना तवा हात वर करा, म्या थांबतो." आणि खरंच थांबायचा. आमचे चार पेशंट उरकायचे तेव्हा आप्पाचा पहिलाच पेशंट त्याला आपल्या म्हशीच्या तक्रारी सांगत असायचा. 'हात दाखवा, गाडी थांबवा' म्हणून आम्ही त्याला चिडवायचो, तोही हसायचा.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत दात काढून दाखवायचा असे आणि त्यासाठी पेशंट आपला आपणच आणायचा. आप्पानं वरवंडच्या एका चाचींना आणलं. चाची शिवणकाम करायच्या. दिवसभर हातात सुई, पण दुसऱ्याच्या हातातली सुई पाहून त्यांचं तोंड उतरलं. आप्पानं सिरिंज जवळ नेली की त्यांचा हात वर. तो थांबायचा, बोलायचा, पुन्हा जवळ न्यायचा, पुन्हा हात वर. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, "अहो, धरा तो हात आणि उरका." मी शेजारच्याच खुर्चीपाशी होते आणि मनातून मीही तेच म्हणत होते.

"शब्द दिलाय सर, थांबतो म्हणून," आप्पा म्हणाला. वेळ संपली. चाची ठणकती दाढ घेऊनच वरवंडला गेल्या आणि आप्पा नापास झाला.

निकालानंतर तो पार खचला. "भित्र्या मानसाचं हे काम न्हाई," म्हणाला आणि ट्रंक भरायला लागला. कॉलेज सोडून घरची शेती बघायची, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. आम्ही खूप समजावलं, पण ऐकेना. मला फार वाईट वाटलं.

निघायच्या दिवशी तो सरांना सांगायला ओपीडीत आला, तर बाकावर चाची. त्या सगळ्यांना विचारत होत्या, "हात वर केल्यावर थांबतो त्यो डॉक्टर कुठं हाय? म्या दुसऱ्याफुडं तोंड उघडायची न्हाई." पोरगं नापास झालंय, हे तिथंच त्यांना कुणीतरी सांगून टाकलं.

सरांनी आप्पाला एप्रन घालायला लावला. चाचींनी बऱ्याचदा हात वर केला, आप्पा दर वेळी थांबला. शेवटी त्यांनी आपणहून दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि दाढ निघाली.

चाचींनी तोंडातला कापूस काढून आधी सरांना सुनावलं, "आता करा ह्याला पास."

"परीक्षा होऊन गेली, चाची. आता पुढची सहा महिन्यांनी."

"मग तवा येते की. तोंडात अजून दात हायती."

आप्पा त्या दिवशी गेला नाही. आता शिरूरला त्याचा दवाखाना आहे आणि तिथं पेशंट तासन्‌तास ताटकळत बसतात. माझा दवाखाना दौंडला, कामं अगदी झटपट होतात. पण इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी जास्तीचा दात देऊ केलेला नाही.