एसी लावलेली खोली

आम्ही कॅनडाहून येणार म्हणून बाबांनी डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत एसी बसवून घेतला. फोनवर मीच म्हटलं होतं, "हिला घामोळं येईल हो, बाबा." मुलगी दीड वर्षाची असताना आम्ही गेलो. आता ती चार वर्षांची आहे आणि तिला इथलं काही आठवत नाही.

आमच्या चाळीत दिवसा दार बंद म्हणजे घरात कुणीतरी आजारी, नाहीतर भांडण. लहानपणी मला त्या उघड्या दाराचा कंटाळा यायचा. गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण डोकावून विचारायचा, "काय गो, काय वाचतेस इंग्रजीतून?" मी मान वर करत नसे. तिकडे गेल्यावर पहिल्यांदा आतून कडी लावून बसले, तेव्हा जे वाटलं त्याला मी अजूनही सुखच म्हणते. तिथे मुलीला वेगळी खोली आहे, खाली खेळायला गवत आहे. नवरा उजेडात घरी येतो, तिघं एकत्र जेवतो. मुंबईत हे जमलं नसतं.

पण बेल वाजली की मुलगी माझ्या मागे लपते. बाहेर फक्त कुरिअरवाला असतो, तरीही. तिने माझ्यासारखं होऊ नये, चार माणसांत मोकळं वागावं, म्हणून सुट्टी जमवून तिला इथे आणलं होतं.

एसी चालू, म्हणून दार बंद. बाहेर मुलं धावायची आणि आम्ही आत थंडाव्यात बसायचो. शेजारच्या काकूंकडे मी शाळेतून आल्यावर रोज जेवायची. त्याही फिरकल्या नाहीत.

"रागावल्यात का?" मी आईला विचारलं.

"रागावतील कशाला? दार उघडलं की थंडावा जातो, तुमची झोपमोड होते. लोकांना कळतं ते."

दोन आठवडे असेच गेले. मग एका दुपारी दारावर टकटक झाली. काकू होत्या, हातात झाकलेली ताटली. आमच्या दारावर त्यांनी आजवर कधी टकटक केली नव्हती.

"चेडू झोपला काय गो? मगे येतंय."

"नाही, नाही, जागी आहे ती, या ना." मी एसी बंद करून दार सताड उघडलं. काकू उंबऱ्याशीच बसल्या. मागून त्यांची नात डोकावली. माझी मुलगी माझ्या आईच्या पाठीमागे.

"ही बोलत नाही?" नातीने विचारलं.

"हिची आई तरी खंय बोलायची! आठवडाभर माझ्याकडे जेवली, नुसती मान हलवायची. मग एक दिवस म्हणते, 'काकू, आमटीत मीठ नाही.' तिथून जी सुटली!"

सगळे हसले. मीही. काकूंनी ताटली पुढे केली. घावणे होते.

"किती दिवस आहात?"

"रविवारी निघतोय."

"रविवारी? मग आता ओळख करून काय करायची गो?"

त्या गमतीनेच म्हणाल्या. मुलगी पुढे आली, तिने घावण्याचा तुकडा उचलला आणि काकूंच्या नातीकडे बघत हळूहळू खाल्ला. बोलली नाही. अजून आठवडाभर थांबलो असतो तर बोलली असती, हे मला समोर दिसत होतं.