पन्हाळ्याच्या उतारासाठी बांधलेलं चाक

आमच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी जुन्या पायमशीनचा लोखंडी सांगाडा उभा आहे. त्यावर शिलाई मशीन नाही, सायकलचं चाक लटकवायची सोय आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. मी बायकोकडे बोट दाखवून मोकळा होतो.

बायको ब्लाउज शिवते. निम्म्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ आहेत. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं सायकल धरली, पहाटे बायकांच्या ग्रुपबरोबर रंकाळ्याला चकरा मारायला लागली आणि बघता बघता पन्हाळ्यापर्यंत मजल गेली. मी निवृत्त माणूस, मला अंथरुणात पडून तिची घंटी ऐकायला बरं वाटायचं. पण एका रविवारी पन्हाळ्याहून उतरताना वळणावर मागच्या चाकाचे स्पोक पटापट तुटले, चाक पार मुरगाळलं आणि ती रस्त्यावर आपटली. उजवं मनगट मोडलं. ज्या हातानं कात्री चालायची, तोच हात प्लास्टरमध्ये.

मी तिला न विचारता सायकलला गिऱ्हाईक बघितलं. तिला कळल्यावर तिनं आवाजही चढवला नाही.

"सायकल ऱ्हाऊ दे," म्हणाली. "हात बरा झाला की चाक मी सोता बांधणार आणि त्याच उतारानं खाली येणार. मग विकायचं बघा."

मला संताप आला. मनगट पुन्हा गेलं तर आयुष्यभराचं शिवणकाम गेलं, हे तिला काय मी सांगायचं? पण ती एकदा ठरवून बसली की तिला हलवणं माझ्या बापाच्यानं होत नाही.

प्लास्टर निघालं, हात वळायला लागला आणि आम्ही चाकाचे सुटे भाग घ्यायला सायकलच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं, पंधरा मिनिटांचं काम. तिनं दुकानदाराच्या सगळ्या रिमा खाली उतरवायला लावल्या. चकचकीत रंगाची बाजूला सारली, दुहेरी पत्र्याची साधी रिम उचलली आणि तिचा सांधा नखानं चाचपला, शिवण चाचपावी तसा. स्पोक स्टेनलेसचेच, आणि प्रत्येकाच्या डोक्याकडचा वाक उजेडात धरून बघायचा. स्पोक रिमला धरणारी छोटी निपलं पितळेचीच हवीत, कारण ती आट्यावर न अडकता फिरतात. निपलं पिळायच्या चाव्या तर तिनं एकेक करून निपलावर बसवून बघितल्या. जी किंचितही डुगडुगेल ती परत, कारण असली चावी निपलाचे कोपरे खाते.

दुकानदार शेवटी म्हणाला, "वयनी, येवढ्या येळात लग्नाचा बस्ता बांधून झाला असता की."

"बस्ता बदलून मिळतोय," ती म्हणाली. "मनगट कुठं बदलून देतासा?"

त्यानं गुपचूप आतली आणखी एक चावी काढून दिली. तीच बसली. दुकानात उभा राहून मला बायकोचा अभिमान वाटत होता आणि तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी छताकडे बघत होतो.

चाक सरळ करायला स्टँड लागतो. तिनं ब्लाउजचा कापतात तसा कागदाचा फर्मा कापला आणि जुन्या मशीनचा सांगाडा माझ्या स्कूटरवर लादून आम्ही उद्यमनगरात वेल्डरकडं गेलो. वेल्डरनं फर्मा उलटासुलटा करून मलाच विचारलं, "पावणं, हे काय, चाकाचा पाळणा करतायसा व्हय?" तिनं त्याला जागेवर समजावलं. त्यानं दोन उभ्या पट्ट्या अशा जोडून दिल्या की अजून एक केसभर हललेल्या नाहीत.

चूक झाली ती मापात. शिंपीणच ती. कापड बेतताना शिवणीसाठी जादा माया सोडायची सवय हाडात भिनलेली. स्पोकचं माप अगदी बरोबर काढलं आणि घेताना वरच्या नंबरचे घेतले, असू दे थोडे जास्त म्हणून. चाक विणून झालं, ती चावी फिरवत गेली, निपलांचे आटे संपले तरी स्पोक सैलच. चाक उचललं की खुळखुळ्यासारखं वाजायचं. तिनं चाक खाली ठेवलं. मग चहा टाकायला सांगितला, मला, आणि आख्खं चाक उसवायला घेतलं.

"आता तरी दुकानातनं तयार चाक आणूया," मी म्हणालो.

"माप माझं बरोबर हुतं," ती म्हणाली. "सवय चुकली."

बिनमायेचे स्पोक आले. पुन्हा विणकाम. गिअरच्या बाजूचे स्पोक आखूड आणि ताठ असतात, दुसरीकडचे जरा लांब. ती म्हणाली, बायकांचे दोन खांदे तरी कुठं सारखे असतात, बेतायचं तसं. रिमच्या दोन्ही अंगांना तिनं शिंप्याचा खडू धरला. चाक फिरवलं की जिथं रिम बाहेर येते तिथं खडूची रेघ उमटायची, आणि तेवढ्याच जागी चावी अर्धा वेढा. मनगट दुखलं की थांबायची, गरम पाण्यात हात धरायची, परत बसायची. हळूहळू रेघ तुटक झाली, मग ठिपके राहिले, मग खडू कोरडाच. बोटानं छेडले की एका बाजूचे सगळे स्पोक एका आवाजात बोलायचे. इतकं देखणं काम मी आमच्या घरात दुसरं बघितलेलं नाही.

ज्या रविवारी ती पन्हाळ्याला गेली, त्या रविवारी मी उताराच्या खाली वाघबिळाशी स्कूटर लावून उभा होतो. मागच्या सीटवर दुकानातलं तयार चाक बांधलेलं. ग्रुपमधल्या बायका एकेक करून खाली आल्या. ती सगळ्यात शेवटी आली, सावकाश, रस्त्याच्या कडेनं.

उतरल्या उतरल्या तिनं मागचं चाक उचलून फिरवलं. कुठंही हललं नाही. मग उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून ती उभी राहिली.

"दुखतोय?"

"न्हाय. भ्या वाटलं. त्याच वळणावर."

इतके दिवस मी समजत होतो की हिला भीती नाहीच, नुसता हट्ट आहे.

"मग उतरलीस कशाला?"

"वर थांबून चाक फिरवून लई बघितलं," ती म्हणाली. "चाकात खोट सापडली असती तर भाड्याच्या जीपमधनं आले असते. चाकात काय सापडलंच न्हाय."

भर रस्त्यात, बायका बघत असताना, मी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि लवकर सोडला नाही.

"पुढच्या रविवारी परत येऊया," मी म्हणालो.

तिनं माझ्या खांद्यावरून स्कूटरकडं बघितलं.

"या की. पण ते चाक घरी ठेवून या."