आधी गुण्या, मग हळद

विश्राम गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभा होतो. पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्या रांगेत. त्याची मुलगी शुभांगी बोलत होती. “काका, बाबा गेले. शेडमध्येच. स्टुलावर बसले होते, चहा मागवला होता...” चहा आला तेव्हा तो नव्हता. पुढचा माणूस सरकला, तसा मीही सरकलो आणि यंत्रावर अंगठा टेकवून जिवंत असल्याचं सिद्ध केलं. मग रिक्षा करून सातपूरला गेलो.

दशक्रियेच्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर विश्राम ‘उद्योगमहर्षी’ होता, ‘दानशूर व्यक्तिमत्त्व’ होता आणि ‘हजारोंचा आधारवड’ही होता. प्रत्यक्षात त्याच्याकडे भाड्याच्या शेडमध्ये तीन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन होतं. आधार म्हणाल तर चार कामगारांना होता, आणि त्यातले दोघे त्याच्यावरच ओरडायचे. फ्लेक्सवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. ती विशेषणं तो माणूस बघून लावत नाही, जागा बघून लावतो. पण नावाच्या आधी त्यानं ‘इंजि.’ लिहिलं होतं. त्या अख्ख्या फ्लेक्सवर खरी कमावलेली म्हणावीत अशी तेवढीच दोन अक्षरं होती. ती मिळवायला विश्रामला पंचेचाळीस वर्षं लागली, आणि त्यातली निदान तीन माझ्यासमोर गेली.

त्याच्या घरात कॉलेज म्हणजे आमचं तंत्रनिकेतन. दुसरं कुठलं कॉलेज असतं हे त्यांना माहीत असावं, पण पटलेलं नव्हतं. गंगापूर रोडला त्यांचा भाजीचा मळा होता. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्याचे वडील, सगळे त्यांना दादा म्हणत, मॅट्रिक झाले आणि डिप्लोमा करून पुढे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागले. मळ्यातून पगारावर गेलेला घरातला तो पहिला माणूस. दादांनी पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये केलेला जॉब त्यांच्या खिडकीत ठेवलेला असे. जॉब म्हणजे तळहाताएवढा लोखंडी पट्टीचा तुकडा, कानशीनं घासून चौकोनी केलेला, वरच्या बाजूला एक खाच. दर खंडेनवमीला दादांची हत्यारं पाटावर मांडली जायची आणि त्यांच्या मधोमध हा तुकडा. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. विश्राम चालायला लागल्यापासून त्या तुकड्याच्या पाया पडत आला होता.

म्हणून त्याच्याकडून जी चूक झाली, ती त्याच्याच घरातल्या माणसाकडून होऊ शकत होती. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं शेजारशेजारच्या व्हाइसवर, म्हणजे लोखंड घट्ट पकडणाऱ्या पकडींवर, होतो. आम्हालाही तोच जॉब करायचा होता. फळ्यावर ड्रॉइंग होतं, काटकोन तपासायला प्रत्येकाकडे लोखंडी गुण्या होता. विश्रामनं ड्रॉइंगकडे पाहिलंच नाही. डब्याच्या पिशवीतून दादांचा तुकडा काढला, त्याला आपला तुकडा भिडवला आणि बरहुकूम घासत बसला. मी माझा गुण्या पुढे केला, म्हटलं, लावून तर बघ. तो म्हणाला, “ठेव तुझ्याजवळ. माझ्याकडं ओरिजनल हाय.”

मास्तरांनी त्याच्या जॉबला गुण्या लावून खिडकीकडे धरला. कडेतून उजेडाची रेघ आरपार दिसली.

“हा काटकोन आहे?”

“दादांच्या पीसला बरोबर बसतो, सर.”

“मी दादांना मार्क देत नाहीये. नवी पट्टी घे, पुन्हा घास.”

“नाय घासणार.”

मास्तर वाईट नव्हते. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली, दोनदा बोलावून समजावलं. विश्रामचं म्हणणं एकच : मी चुकलो असेन तर दादा चुकले, आणि दादा पास झालेत. तर्क म्हणून याच्यात खोट काढणं मला तेव्हा जमलं नव्हतं. पूजा केलेल्या वस्तूला गुण्या लावायचा नसतो हा आपल्याकडचा नियम फार जुना आहे, तो सोळा वर्षांच्या पोरानं मोडावा ही अपेक्षाच जास्त होती. वर्कशॉपची टर्म गेली, त्यापाठोपाठ वर्ष गेलं. दादा एकलहऱ्याहून ड्यूटी करून आले, सगळं ऐकलं आणि काही न बोलता जेवले. पुढच्या आठवड्यात त्यांनी विश्रामला सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लावलं. मी डिप्लोमा करून ड्रॉइंग ऑफिसात बसलो. त्यानं बारा वर्षांनी स्वतःची शेड टाकली, आणि मी काढलेल्या चित्रांचे पार्ट तो करू लागला. चुका मात्र तोच मला दाखवायचा.

शुभांगी त्याच कॉलेजात गेली तेव्हा दादा हयात नव्हते. पहिल्या दिवशी विश्रामनं तिला एवढंच सांगितलं, “खिडकीतल्या पीसला हात लावू नको. ड्रॉइंग बघ.” ती पहिल्या वर्गात पास झाली आणि एका कंपनीत क्वालिटीला लागली. म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट नापास करायची नोकरी. घराण्याचा सूड म्हणा.

मग कॉलेजचा महोत्सव आला आणि कोणाच्या तरी डोक्यातून ‘तीन पिढ्यांचा सत्कार’ निघाला. मांडव, निवेदिका, शाल, श्रीफळ, पाहुण्यांना यायला उशीर... सगळं यथासांग होतं. विश्रामचं नाव पुकारलं. तो वर गेला, शालीची घडी मोडायच्या आत माईक हातात घेतला आणि म्हणाला, “मी इथं नापास झालेलो हाय. दोनच पिढ्या मोजा.” मांडव हसला. प्राचार्य प्रसंग सावरण्यात वाकबगार होते. ते म्हणाले, “इथला विद्यार्थी हा कायमचाच विद्यार्थी असतो.” विश्राम म्हणाला, “मग हजेरीत नाव घ्या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरले. तो विसरला नाही. जूनमध्ये चौकशी करून आला. जुना अभ्यासक्रम कधीच बंद झालेला, राहिलेली टर्म पुरी करून भागणार नव्हतं. पहिल्यापासून प्रवेश घ्यायला मात्र दहावीची मार्कशीट पुरे होती, आणि मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या होत्या. “पोरगी शिकून आली, आता बाप चालला,” वहिनी मला म्हणाल्या, “तुम्ही तरी सांगा.” मी सांगितलं. आपण अठ्ठावन्न वर्षांचे आहोत, त्या कागदानं आता तुला नोकरी लागणार नाही, शेडवर गिऱ्हाईक वाढणार नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “नोकरीसाठी कोण करतंय? त्या कॉलेजातलं माझं काम अर्धं पडलंय. अर्धा जॉब मी शेडमधून बाहेर सोडतो का?”

सकाळी कॉलेज, दुपारनंतर शेड, आणि संध्याकाळी माझ्याकडे गणित. सोळा वर्षांची पोरं त्याला आधी अंकल म्हणायची, मग भाऊ म्हणू लागली, कारण वर्कशॉपमध्ये तो त्यांच्या कानशी सरळ धरायला शिकवायचा. गणितात मात्र तोच त्यांच्याकडून वह्या आणायचा. दोनदा नापास झाला. दुसऱ्या निकालानंतर येऊन त्यानं वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी म्हटलं, “सोडायचं का?” तो म्हणाला, “तू कंटाळला असशील तर दुसरा मास्तर बघतो.” तिसऱ्यांदा सुटला. इंटिग्रेशन त्याला समजलं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण त्यानं ते घासून घासून मापात आणलं.

पण मला सांगायचंय ते पहिल्या वर्षाचं. वर्कशॉपमध्ये तोच जॉब पुन्हा त्याच्यासमोर आला. या वेळी त्यानं फळ्यावरचं ड्रॉइंग वहीत उतरवून घेतलं, कानशीच्या दर चार हातांनंतर गुण्या लावला. एका दमात पास. जॉब पिशवीत टाकून निघाला, तर मास्तर, त्याच्या मुलीच्या वयाचे, म्हणाले, “भाऊ, तो इथं जमा करा. पास झालेले जॉब कॉलेजात जमा होतात. घरी न्यायचे ते रिजेक्ट.”

“हे कधीपासून?”

“पहिल्यापासून. आमचे मास्तरही तेच सांगायचे.”

विश्राम तिथूनच माझ्याकडे आला. चप्पल काढायच्या आधी दारातच म्हणाला, “दादांचा नापास झालेला हाय रे. पास झालेला त्यांनी जमा केला. आपण आयुष्यभर रिजेक्ट पीसच्या पाया पडलो.” आणि हसायला लागला. मला हसू येईना. माझाही पास झालेला जॉब जमाच झाला होता, पण दादांच्या तुकड्याशी ते मी कधी जोडलंच नव्हतं. मला त्या रात्रीचं दादांचं गुपचूप जेवण आठवत होतं. पोराचं वर्ष कशामुळे गेलं हे त्या घरात त्यांना एकट्यालाच कळलं असणार. मी तसं बोलूनही दाखवलं. विश्रामचं हसू थांबलं. “कळलं असंल,” तो म्हणाला, “पण तोवर पूजा चालू झाली होती ना. मधूनच उठून कसं सांगणार?” मग चप्पल काढता काढता... “सांगायला पायजे होतं.” या विषयावर दादांविरुद्ध तो बोललेलं एवढं एकच वाक्य.

घरी जाऊन त्यानं शुभांगीला सांगितलं. ती म्हणाली, “मला फर्स्ट इयरलाच कळलं होतं.”

“मग बोलली का नाही?”

“तुम्ही त्याला हळद लावत होतात, बाबा.”

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे होतो. मला वाटलं, आता तुकडा पाटावर येणार नाही. आला. फक्त पूजेआधी विश्रामनं नवा गुण्या घेतला, दादांच्या तुकड्याला लावून खिडकीकडे धरला आणि सगळ्यांना बोलावून उजेडाची रेघ दाखवली. “दीड अंश,” तो म्हणाला, मग स्वतःच्या जुन्या तुकड्याला लावला, “हा पण दीड.” मग दोन्हींना हळदकुंकू लावलं. तेव्हापासून त्या घरात हीच रीत. आधी गुण्या, मग हळद. मी बरीच थोर मंडळी आणि त्यांचे बरेच भक्त पाहिले आहेत, पण आदर करायची याहून बरी पद्धत मला कुठे आढळलेली नाही.

तीन वर्षांनी तो डिप्लोमा झाला, दुसऱ्या वर्गात. कॉलेजनं पुन्हा सत्कार ठरवला तेव्हा त्यानं कळवलं की शेडमध्ये अर्जंट काम आहे. ते होतंही. प्रमाणपत्र त्यानं फ्रेम केलं नाही. लाइट बिलांच्या फाइलमध्ये ठेवलं.

यंदा वर्षभर त्यांच्या घरात सण नाहीत. खंडेनवमीच्या सकाळी मी सहजच गेलो. वहिनी आत होत्या. पाट मांडलेला नव्हता, झेंडू नव्हता. शुभांगी खिडकीशी उभी होती. खिडकीत तीन तुकडे असतात : दादांचा, विश्रामचा जुना आणि शुभांगीचा पहिल्या खेपेला फसलेला, तिन्ही नापास. विश्रामच्या जुन्या तुकड्याशेजारी एका तुकड्याएवढी जागा त्यानं मोकळी सोडली होती. तिथं कोणी औषधाची बाटली जरी ठेवली तरी तो उचलायचा. तिथला जॉब कॉलेजात जमा आहे.

“चुलत आत्या म्हणाल्या, यंदा काही करू नका,” शुभांगी म्हणाली. “पूजा नाहीच करत मी. पण माप घ्यायला काय हरकत आहे?”

तिनं विश्रामचा गुण्या पुसला, दादांच्या तुकड्याला लावला आणि उजेडाकडे धरला.

“दिसतोय?” मी विचारलं.

“दिसतोय.”

“तेवढाच?”

तिनं एक डोळा मिटून नीट पाहिलं, तिचा बाप पाहायचा तसं. “तेवढाच, काका. दीड,” ती म्हणाली, आणि तुकडा जागेवर ठेवून दुसरा उचलला.