अण्णांसाठी ऐकताना

आईला घेऊन मी गाणगापूरला गेले होते. संगमावर आंघोळ करून आम्ही नुकत्याच लॉजवर परतलो होतो, आई ओलं लुगडं गॅलरीत वाळत घालत होती, आणि मार्थाअक्कांचा, अण्णांच्या बायकोचा, फोन आला. "निर्मला, अण्णा गेले गं... चहा घेतला, कप खाली ठेवला, आन् बसल्या जागीच गेले." आई विचारत राहिली, "कोण गेलं? सांग की, कोण गेलं?" आणि मला पटकन सांगताच येईना. गुरू म्हणावं तर तो शब्द त्यांना आवडत नसे, मालक म्हणावं तर तसे ते कधी वागले नाहीत. शेवटी "ज्यांनी मला गिटार बनवायला शिकवलं ते," असं सबंध वाक्य मी आईला सांगितलं, जणू तिला ते ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिदरला त्यांना माती दिली. चर्चच्या मंडळींनी गाणी म्हटली. साथीला पाच गिटार होत्या, पाचही अण्णांनीच बनवलेल्या. त्यातल्या एकीची तार जरा उतरलेली होती. अशा वेळी माणसाला रडू यावं, पण माझं लक्ष सारखं त्या उतरलेल्या तारेकडं जात होतं. कान लावून ऐकण्याची ही सवय मला त्यांच्यासाठी लागली होती. त्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही.

सुंदरअण्णांचं दुकान नौबादमध्ये, बिदरच्या कडेला. तरुणपणी हैदराबादला वाद्यदुरुस्तीच्या दुकानात राहून ते काम शिकले, लग्नानंतर परत आले, आणि आसपासच्या गावांतल्या चर्चांसाठी गिटार बनवू लागले. मी तेव्हा भालकीच्या एका खाजगी शाळेत शिकवत होते. पोरांना कविता चालीवर म्हणून दाखवायला एक जुनी गिटार घेतली होती. तिच्या तारा अडकवायची पट्टी उचकटली, म्हणून त्यांच्याकडं गेले.

"हे कुणी चिकटवलंय?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"आता हे खरवडायलाच दोन दिवस जातेत. बस हितं. कसं काढायचं ते बघ, आन् पुन्हा आसं करू नको."

मी बसले. पुढच्या शनिवारी काही काम नसताना परत गेले, त्याच्या पुढच्याही. वर्षभरानं नोकरी सोडली तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. आमचं घर खटकचिंचोळीचं. आजोबांपर्यंत मेंढरं, मग शेती. लाकडाशी आमचा संबंध चुलीपुरता. माझी पहिली गिटार घरी नेली तेव्हा वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "सगळी आतनं पोकळच हाय की. एवढं लाकूड कामून वाया घातलीस?" अण्णांना हे सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

ते फार बोलत नसत. शिसवाची पातळ फळी भिजवून, तापलेल्या लोखंडी नळीवर दाबून तिला वळण द्यायचं असतं. लाकूड नरम पडल्याचं हाताला कळतं. त्याआधी जोर लावला की ते मोडतं. मी कितीतरी फळ्या मोडल्या. "घाई कामून करायलीस? ते वळायलंय की. वळू दे त्याला," एवढंच ते म्हणत आणि दुसरी फळी पाण्यात टाकत. वरच्या फळीचं काम मात्र बरीच वर्षं त्यांनी माझ्या हाती दिलं नाही. गिटारचा आवाज सगळा तिच्यात. आतून पट्ट्या चिकटवायच्या, पटाशीनं थोड्या थोड्या तासायच्या, मधूनमधून बोटानं ठोकून ऐकायचं. अण्णा ठोकताना हनुवटी फळीच्या कडेला टेकवत. मला वाटायचं, असेल एकेकाची लकब.

चौथ्या वर्षी एक दिवस ते तारा लावत होते. शेवटची तार साफ उतरलेली होती, नवशिक्यालाही कळावं इतकी, आणि अण्णा म्हणाले, "बराबर." मी म्हटलं, "अण्णा, उतरलीया." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी गिटार खाली ठेवली.

"दोन वरसं झाली," ते म्हणाले. "डावा कान तर गेलाच. उजव्यात बी नुसती शीळ वाजायली. मार्थाला वाटतंय, मी मुद्दाम ऐकत न्हाई. वाटू दे... कुणाला सांगू नको."

फळीला हनुवटी टेकवून ते आवाज हाडातून ऐकू पाहत होते, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून ऐकलं. ते तासायचे, मी ठोकायचे, आणि आवाज कसा आहे ते त्यांच्या समोर तोंड करून सांगायचे. घागरीवानी, दबलेला, आता मोकळा झाला... माझे शब्द तोकडे पडायचे. अण्णा डोळे बारीक करून माझ्या ओठांकडं पाहत राहायचे. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

मग कलबुर्गीचे एक संगीतशिक्षक तीन गिटार सांगायला आले. ते अण्णांच्या बाजूला उभे राहून लाकडाबद्दल विचारत होते आणि अण्णा त्यांना किती दिवस लागतील ते सांगत होते. दोनदा असं झालं. गृहस्थांचा चेहरा बदलला, त्यांना तो अपमान वाटला. मला राहवलं नाही. "साहेब, राग मानू नका, अण्णांना ऐकू येत नाही," मी बोलून गेले. ते माझ्याकडं वळले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "मग तिन्ही तुम्हीच बनवा."

अण्णा माझ्या तोंडाकडं पाहत होते.

तीन दिवस ते दुकानात आले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मार्थाअक्कांनी पाणी दिलं आणि आत गेल्या. अण्णा म्हणाले, "तू खोटं बोलली न्हाईस. पण ती गोष्ट माझी व्हती, निर्मला. सांगायची का न्हाई, ते बी माझंच व्हतं."

दुसऱ्या दिवशी ते आले, नेहमीसारखे कामाला बसले. त्यानंतर येईल त्या गिऱ्हाइकाला स्वतःच आधी सांगत, "मला ऐकू येत न्हाई. ऐकायचं काम हिचं." काही जण ते ऐकून निघून गेले, काही थांबले. पण अण्णांनी पुन्हा कधीही स्वतः तारा लावल्या नाहीत. गिटार तयार झाली की माझ्यासमोर सरकवत आणि बाहेर जाऊन उभे राहत.

मी एकदा माफी मागितली. ते रंधा मारत होते, मी पाठीमागं उभी होते. "अण्णा, चुकलं माझं." समोरून म्हणायचा धीर मला झाला नाही... रंधा चालतच राहिला. पुढं दोन वर्षं रोज समोरासमोर बसून काम केलं, आणि ते तेवढं राहून गेलं.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी दुकान उघडलं. त्यांच्या हातची शेवटची गिटार पूर्ण करायची होती. तारा लावल्या तर आवाज कोंडलेला. मधल्या भोकातून हात घालून चाचपलं. ही फळी मी ठोकून ऐकायची राहून गेली होती. एक पट्टी जाड राहिली होती, तिच्यावर पटाशीच्या खुणा तशाच खरखरीत होत्या. बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसले. मग पट्टी तासली. आवाज मोकळा झाला. ज्यांची होती त्यांनी बुधवारी नेली.

आता दुकान मी चालवते. कुणी आत आलं की मी हातातलं काम ठेवून उठते, त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहते आणि एकेक शब्द सावकाश, ओठ हलवून बोलते. परवा एक बाई हसून म्हणाल्या, "ताई, मला ऐकू येतंय की." मी हो म्हटलं, आणि पुढचं वाक्यही तसंच बोलले.