वावरातली माती आणि ट्रेमधलं फायकस

"सारी पानं गळली, ताई. आता फेकूनच द्याचं काय?"

वलगावच्या काकाजींचा फोन होता. मी जठारपेठेतल्या माझ्या नर्सरीत झाडांना पाणी देत होते. बोन्सायची झाडं विकणं आणि विकल्यावर ती सांभाळायला मदत करणं, हे माझं काम. काकाजींनी माझ्याकडूनच नेलेलं हे झाड गेलं असतं, तर त्यांचं काही खरं नव्हतं. गुडघ्यांमुळे त्यांचं शेतात जाणं बंद झालेलं. शेत मुलगा बघतो. काकाजींच्या वाट्याला उरलं होतं ते ओसरीवरच्या ट्रेमधलं हे एक झाड.

दुसऱ्या दिवशी गेले. फायकस म्हणजे वडाच्याच कुळातलं. सहजासहजी मरत नाही, म्हणून नवख्यांना मी तेच देते. ट्रे पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. मी भरून दिलेले विटांचे बारीक खडे, जाड रेती, सगळं गायब. त्या जागी काळीभोर माती, आणि तिला भेगा.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," काकाजी ऐटीत म्हणाले. "आपल्या वावरातली माती आहे. तुमी तं त्याले उपाशी मारून राहिल्या होत्या."

"आता पोटभर खाऊन मरतंय."

"आमच्या मातीले नावं काहून ठेवता? साऱ्या घराचं पोट भरलं तिनं."

काकूंनी आतून घाईघाईनं चहा आणून ठेवला. मीही आवाज खाली आणला.

"काकाजी, उन्हाळ्यात वावरात भेगा पडतात, तेव्हा मुळांचं काय होतं?"

"वरच्या तुटते. खालच्या टिकते."

"याला खाली कुठे आहे?"

ते बशीसारख्या उथळ ट्रेकडे बघत राहिले. ओली झाली की ही माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. वाळली की आवळते आणि मुळं तोडते. हे मला सांगावंच लागलं नाही.

"म्हंजे म्याच मारलं त्याले," ते हळूच म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. बुंध्याची साल नखानं जरा खरवडली. आत हिरवं होतं.

"जीव आहे अजून. बादली मागवा."

माती चिवट. काकाजींनी स्टुलावर बसून एकेक मूळ बोटांनी धुतलं. मला हातही लावू दिला नाही. कुजलेली मुळं मी कापली. उरली ती मूठभर. पुन्हा विटांचे खडे भरले, झाड तारेनं ट्रेला बांधलं, ओलावा राहावा म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी घातली आणि सावलीत ठेवलं.

मग रोज फोन. "काईच नाही, ताई." मी धीर द्यायचे, पण मलाही खात्री नव्हती. एका सकाळी फोटो आला. उघड्या खोडावर लालसर कोंब.

पुढे फांद्या वाढल्यावर मी गेले. सगळ्या नको तिथे फुटलेल्या. सवयीनं कात्री काढली. काकाजींनी झाडापुढे हात धरला.

"यंदा वाढू द्या. लय सोसलं त्यानं."

त्यांचं बरोबर होतं. अशक्त झाडाला आधी ताकद येऊ द्यावी, आकार नंतरही देता येतो. मी कात्री पिशवीत टाकली.

सध्या ते बोन्साय झाडूसारखं दिसतं. काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवतात आणि वर माझं नाव सांगतात. यानं धंद्याचं नुकसान होतं. मी अजून तरी त्यांना थांबवलेलं नाही.