ओवळी जागा

माझ्या प्रोग्रॅमचा छापील कागद साहेबांनी डब्याखाली अंथरला होता. त्यावर लोणच्याचं तेल उतरलं होतं. पोळी मोडता मोडता ते म्हणाले, "नुसती जागा देणाऱ्या रूटीनचं नाव ओवळं. शून्यं भरून देणाऱ्याचं सोवळं. कसं?"

टेबलाभोवतीचे हसले.

"आणि नियम असा. ओवळ्याला पुसल्याशिवाय शिवायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यात सोवळं नसतं, ठाऊक आहे. पण ओवळं म्हणजे काय, हे तुला आम्ही काय सांगायचं!"

सगळे पुन्हा हसले. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा शिरीषही हसला.

शिरवण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आमची कंपनी होती. भट्ट्यांचं तापमान सांभाळणारी यंत्रं बनवायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वडील मराठवाड्यातून आलेले, त्याच पट्ट्यात हमाली करायचे. घरात बुद्धाची तसबीर. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं. मी लपवलं नव्हतं.

काम असं होतं. प्रोग्रॅमला मेमरीतली जागा लागते. मिळालेली जागा रिकामी नसते. आधीच्या कामाचे आकडे तिथे उरलेले असतात. आपण काही लिहिण्याआधीच ती वाचली, तर ते शिळे आकडे खरे समजले जातात. भट्टी नको तेवढी तापते. भट्टीशी माणूस उभा असतो. हे टाळायला सगळ्यांनी वापरावीत अशी रूटीन्सची, म्हणजे छोट्या तयार प्रोग्रॅम्सची, लायब्ररी मी लिहिली होती. लिहायचं ज्याचं त्याने, नाव मात्र वरिष्ठांनी जेवताना ठरवायचं, अशी तिथली रीत.

त्या दुपारी मला किळस आली. तेलाची नव्हे. जिच्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही, त्या जागेतही या शिकलेल्या माणसांना विटाळ दिसत होता. यंत्रात जात नव्हती. यांनी ती नेऊन घातली.

शिवाय नाव खोटं होतं. जागा मळलेली नव्हती. शून्यं भरून ती शुद्धही होत नव्हती. शून्य हाही आकडाच. ते वाचून भट्टी थंड आहे असं यंत्राने धरलं असतं आणि आच वाढवत राहिलं असतं. आणि सोवळं हे नाव बघून वापरणारा निर्धास्त.

मी शून्यं भरणारं रूटीन काढून टाकलं. नावं बदलली. जागा देणारं: अलिखित. तिच्यात आकडा घालणारं: लिही. आणि जागा पूर्ण भरली, आता वाचा, हे प्रोग्रॅमरने स्वतःच्या जबाबदारीवर सांगायचं: भरली.

साहेबांनी स्क्रीन पाहिला. "नावं कुणी बदलली?"

"मी, सर."

"कुणाला विचारून?"

"कुणाला नाही."

"तुझं कन्फर्मेशन व्हायचंय अजून. विसरलीस?"

शिरीष हळूच म्हणाला, "अगं, गंमत होती. कशाला टेन्शन घेतेस? बदल ना दोन शब्द."

कन्फर्मेशन म्हणजे कायमची नोकरी. वडिलांची पाठ गेली होती. घर माझ्या पगारावर चालत होतं. साहेबांना हे माहीत होतं. म्हणूनच ते तसं बोलले.

"सर, ओवळं हा शब्द मी टाइप करणार नाही."

"मग मी करीन."

"करा. पण त्याखाली नाव तुमचं घाला. आणि जेवताना कोण काय बोललं, ते मी हेड ऑफिसला शब्दशः कळवीन."

साहेब केबिनमध्ये गेले, दार आपटलं.

लायब्ररी मी दिलेल्या नावांनीच यंत्रांत गेली. कन्फर्मेशन अडवलं गेलं. माफी माग, होऊन जाईल, असं मला दोघातिघांनी सुचवलं. मी मागितली नाही.

त्या दिवशी ठरलं. मी लिहिलेल्याला नाव मी देणार. ज्याला ते खुपेल, त्याने माझ्यासमोर उभं राहून कारण सांगावं.